शाळा म्हणते, "याला स्पेशल शाळेत घाला": आईवडिलांनी आधी काय करावं

गुहागर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा नऊ वर्षांचा, वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीला. बोलण्यात चुणचुणीत, दुकानातून सामान आणतो, सुटे पैसे बरोबर मोजून परत देतो. पण वाचायला बसला की 'भ'चा 'म' होतो, काना-वेलांटी गळते, फळ्यावरचं निम्मंच वहीत उतरतं. गुरुजींनी बोलावून सांगितलं, "याला इथं जमणार नाही. रत्नागिरीला स्पेशल शाळा आहे, राहायची सोय होईल, तिकडे घाला." वर, 'स्वखुशीने दाखला नेत आहे' असा अर्जही लिहून मागितला. यजमान मुंबईला नोकरीला. सासूबाई म्हणतात, दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढलंत तर पोरावर जन्माचा शिक्का बसेल. ताईंना तीन गोष्टी हव्या आहेत: शाळा मुलाला काढू शकते का, सर्टिफिकेट काढावं का, आणि आमचा हक्क नेमका काय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातच विशेष शिक्षिका आहे. हा प्रश्न थोड्याफार फरकाने दर जूनमध्ये आणि दर परीक्षेनंतर कानावर येतो. बहुतेक वेळा घर आणि शाळा दोघंही एकाच गोष्टीवर भांडत असतात, मूल कुठं शिकेल यावर. त्याला वाचता का येत नाही हे कुणी तपासलेलं नसतं, आणि आहे त्या शाळेत त्याला काय मदत दिली याची कुठे नोंद नसते. हे दोन झाल्याशिवाय शाळा बदलण्याची चर्चा अकाली आहे. तुमच्या पत्रावरून मला तरी तसंच दिसतं.

आता पहिली गोष्ट. त्या अर्जावर सही करू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क तो देतो, आणि त्याच्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. वाचता येत नाही हे कारण तर नाहीच नाही. म्हणूनच 'स्वखुशीने' हा शब्द लागतो. शाळेला काढता येत नाही, पालकांना मात्र नेता येतं. सही केलीत की कागदावर शाळेने काही केलेलंच नसतं, सगळं तुम्ही केलेलं असतं. सही आधीच झाली असेल तर घाबरू नका. 'पूर्ण माहिती नसताना अर्ज दिला होता, तो मागे घेत आहे, मुलाचं नाव पटावर कायम ठेवावं' अशा दोन ओळी लिहून द्या आणि पोच घ्या.

गुरुजींबद्दलही एक बोलायला हवं. तुमची शाळा द्विशिक्षकी असणार. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग, त्यात पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. अशा माणसाला एका मुलाजवळ अर्धा तास बसायला कुठून मिळणार? त्यांचं 'इथं जमणार नाही' हे पुष्कळदा 'मला एकट्याला जमणार नाही' असं असतं, आणि ते खरंही असतं. पण त्यावर उपाय शाळेला माणूस आणि मदत मिळवून देणं हा आहे, मूल हलवणं हा नाही. ती मदत मागायची कशी, हे मी पुढे लिहिते. भांडायला जाऊ नका, गुरुजींना सोबत घ्या. तुमच्या अर्जामुळे त्यांनाही वर मागणी करायला आधार मिळतो.

आता मुलाला काय आहे? हे मी इथून सांगू शकत नाही, आणि फक्त वर्णन ऐकून कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पैसे मोजतो, निरोप नीट सांगतो, पण अक्षरं हातात येत नाहीत, यावरून अध्ययन अक्षमतेची (समजतं सगळं, पण वाचायला-लिहायला अडतं) शंका येते हे खरं. पण त्याआधी साध्या गोष्टी बघायच्या असतात. डोळे तपासलेत का? फळ्यावरचं अर्धं उतरतं, वहीतलं पूर्ण उतरतं का? कान? आपल्याकडे पावसाळ्यात मुलांचे कान वाहतात, घरात कुणी फारसं मनावर घेत नाही, आणि अशा मुलाला कमी ऐकू येतं. 'त' की 'थ', 'प' की 'फ' हे ज्याला ऐकताना वेगळं कळत नाही तो ते लिहिणार कसं? डोळे आणि कान, या दोन तपासण्या ग्रामीण रुग्णालयात सांगून होतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही पुढची चिठ्ठी घेता येते.

आणखी एक, जरा वाटेबाहेरचं. आपली मुलं घरात जी बोली बोलतात ती पुस्तकातली मराठी नव्हे. 'नाय', 'व्हय', 'खय' लिहिणाऱ्या मुलाच्या वहीत लाल शाईचे जे गोल दिसतात, त्यातले काही गोल अक्षमतेचे नसून बोलीचे असतात. वही तपासताना मी ते आधी बाजूला काढते. उरलेल्या चुका पुन्हा पुन्हा त्याच जागी, त्याच प्रकारच्या असतील, तर मग पुढे जायचं.

पुढे म्हणजे कुठे? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. त्यात अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता (ऑटिझम) आहे, बौद्धिक अक्षमता आहे. प्रत्येकाची तपासणी वेगळी. 2018 साली केंद्र सरकारने तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अध्ययन अक्षमतेची पहिली चाळणी शाळेनेच, तिसरीत किंवा आठव्या वर्षी करायची, असं म्हटलं आहे. म्हणजे तुमचा मुलगा अगदी त्याच वयात आहे, आणि पहिलं पाऊल शाळेचं आहे, तुमचं नाही. त्यानंतर बालरोगतज्ज्ञ, मग मानसशास्त्रज्ञाकडून बुद्ध्यांक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. चाचणी मराठीतून होणार का, हे नक्की विचारा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे आणि ती मराठीतही आहे. मराठी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला देऊन काढलेल्या निष्कर्षाला फारसा अर्थ नसतो.

आता सर्टिफिकेट. यावरच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. 'सर्टिफिकेट नाही म्हणून शाळेत काही मिळणार नाही' हे शाळा सांगते, आणि 'सर्टिफिकेट काढलं की संपलं' हे घर सांगतं. दोन्ही बरोबर नाही. शाळेत राहण्याचा हक्क सर्टिफिकेटशिवाय आहे, तो वर सांगितलेल्या कायद्याने प्रत्येक मुलाला आहे. वर्गात पुढे बसवणं, तोंडी उत्तर घेणं, फळ्यावरचं उतरवायला जास्त वेळ देणं, यासाठीही कुठल्या वैद्यकीय मंडळाचा शिक्का लागत नाही, गुरुजींची तयारी पुरते. दिव्यांग हक्क कायद्याचंही एक कलम 16 आहे (दोन्ही कायद्यांत नेमका हाच आकडा, लक्षात ठेवायला सोपं). त्यात शासनाने आणि शाळांनी काय करायचं ते लिहिलं आहे: भेदभाव न करता प्रवेश, मुलाच्या गरजेप्रमाणे सोयीसवलती, त्याच्यापुरती वेगळी मदत, अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं, आणि गरज असेल तिथे ने-आण. हे कलम सगळ्या दिव्यांग मुलांसाठी आहे, त्यात टक्केवारीची अट नाही.

टक्केवारी येते ती पुढे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व प्रमाणित झालं की त्याच कायद्याचं कलम 31 लागू होतं: 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा पालकांना हव्या त्या विशेष शाळेत. बघा, चौदाचं अठरा झालं, म्हणजे नववी-दहावी-बारावीही आत आली. बोर्डाच्या परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, भाषा विषयांतली सूट, एसटीच्या तिकिटातली सवलत, पुढे उच्च शिक्षणातलं 5 टक्के आरक्षण, या सगळ्याला कागद लागतोच. जादा वेळ म्हणजे साधारण तासाला 20 मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास. हळू वाचणाऱ्या मुलासाठी हा तास पास आणि नापास यांच्यातला फरक असतो.

सासूबाईंना काय सांगायचं? अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत देतच नाहीत, आणि दिलेलं चौदाव्या वर्षी पुन्हा तपासतात, मग अठराव्या वर्षी परत. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत आत्ताचा कागद जन्माचा नाहीच. तो कागद कुणाला दाखवायचा हेही तुमच्या हातात. शाळेच्या दाखल्यावर त्याची नोंद छापून येत नाही. एवढं सांगूनही घरात पटलं नाही तर घाई करू नका. तपासणी मात्र थांबवू नका. तपासणी वेगळी, प्रमाणपत्र वेगळं. माझं मत विचाराल तर आत्ता तपासणी करून घ्यावी आणि प्रमाणपत्र पाचवीच्या आधी हातात असावं. महाराष्ट्रात 2023-24 पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि तीही नाही जमली तर त्याच वर्गात बसवतात. तिथे सवलत मागायची वेळ परीक्षेच्या आदल्या आठवड्यात येऊ नये.

प्रमाणपत्राची प्रक्रिया अशी: 'स्वावलंबन' या सरकारी वेबसाइटवर मुलाची नोंदणी करायची. त्याला फी नाही, गावच्या सेवा केंद्रात फॉर्म भरून मिळतो. मग जिल्हा रुग्णालयाच्या मंडळासमोर तपासणी आणि नंतर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. तुमच्या बाजूने रत्नागिरीला तवसाळ-जयगड फेरीबोटीने गेलात तर चिपळूणचा वळसा वाचतो, पण पावसाळ्यात बोट चालू आहे ना हे आधी विचारा. आणि त्याहून महत्त्वाचं, मानसशास्त्रज्ञ कोणत्या वारी असतात ते फोन करून विचारल्याशिवाय घरातून निघूच नका. आई, मूल आणि बुडालेली मजुरी घेऊन हेलपाटा पडला की लोक पुन्हा जात नाहीत, हे मी पाहिलं आहे. जाताना आधार, रेशनकार्ड, फोटो यांच्याबरोबर मुलाच्या जुन्या वह्या न्या. पहिलीची, दुसरीची, आत्ताची. डॉक्टरांना आईने सांगितलेल्या शंभर गोष्टींपेक्षा तीन वह्या लवकर कळतात.

आता शाळेत मागायचं काय. हल्ली काही पालक इंटरनेटवर वाचून येतात आणि म्हणतात, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा बनवण्याची बैठक घ्या, आमची सही झाल्याशिवाय तो लागू होत नाही. ती अमेरिकेतली पद्धत. तिथल्या कायद्यात तो आराखडा सक्तीचा आहे आणि पालक त्या बैठकीचे सदस्यच असतात. आपल्या कायद्यात त्या नावाचा सक्तीचा कागद नाही. पण मुलापुरती वेगळी मदत द्यायची हे आहे, आणि समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक असे आराखडे बनवतातही. तेव्हा 'कायद्याने द्या' म्हणण्यापेक्षा 'बनवून द्या' म्हणा, आणि त्यात मोजता येईल असं काहीतरी मागा. 'वाचन सुधारेल' याला अर्थ नाही. 'दिवाळीपर्यंत काना आणि पहिली वेलांटी असलेले दोन अक्षरी शब्द वाचेल, आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं, कोण घेणार' हे लिहून घ्या. शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे.

तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विषय तज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. त्यांच्याकडे पुष्कळ शाळा असतात, म्हणून ते रोज येणार नाहीत. पण तुमच्या मुलाचं नाव त्यांच्या यादीत आहे की नाही यावर सगळं अडतं. ती यादी शाळेने यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, भरलेल्या माहितीवरून होते. तिथे 'विशेष गरजा असलेलं मूल' या रकान्यात नोंद नसेल तर विशेष शिक्षकाच्या दृष्टीने तुमचं मूल अस्तित्वातच नाही, आणि प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, यातलं काहीही मिळत नाही. म्हणून गुरुजींना पहिला प्रश्न हाच विचारा: यू-डायसला काय भरलं आहे? वाडी दूर असेल, मध्ये साकव ओलांडावा लागत असेल, मूल एकटं येऊ शकत नसेल, तर प्रवास आणि मदतनीस भत्त्याचं जरूर विचारा. प्रत्येकाला मिळतोच असं नाही, दिव्यांगत्वाच्या प्रकारावर आणि त्या वर्षीच्या मंजुरीवर ते ठरतं.

मग विशेष शाळा वाईट का? अजिबात नाही. मंडणगड तालुक्यात घराडीला अंध मुलांची निवासी शाळा आहे. ज्या मुलाला ब्रेल शिकायचं आहे, त्याला ते वाडीतल्या शाळेत कोण शिकवणार? कर्णबधिर मुलाला लहान वयात खुणांची भाषा आणि त्याच भाषेत बोलणारे सवंगडी मिळणं हीसुद्धा मोठी गोष्ट आहे. बौद्धिक अक्षमता तीव्र असेल तर स्वतःची कामं स्वतः करायला शिकवणारी शाळा जास्त उपयोगी पडते. आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर घरी शिकण्याचाही पर्याय आहे. पण निवड पालकांची, शाळेची नव्हे. शिवाय अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला बौद्धिक अक्षमतेच्या शाळेत घातलं तर त्याचं नुकसानच होतं. त्याला समजतं सगळं, अडतं ते फक्त वाचायला-लिहायला. तुमच्या वर्णनातला मुलगा अशा शाळेत वसतिगृहात राहायला जावा असं मला वाटत नाही. निदान तपासणी होईपर्यंत तरी नाही. एक व्यवहारातली गोष्टही ध्यानात ठेवा: साधी शाळा शिक्षण विभागाकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. एकीकडून दुसरीकडे पाठवणं सोपं, परत आणणं जड जातं, कारण त्यासाठी दोन कार्यालयांना एकमेकांशी बोलावं लागतं.

अर्ज असा लिहा, साध्या कागदावर, मुख्याध्यापकांच्या नावे:

"माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता तिसरीत शिकत आहे. त्याला वाचन-लेखनात अडचण येत आहे. तो याच शाळेत शिकावा अशी आमची इच्छा आहे. कृपया (एक) त्याची अध्ययन अक्षमतेची प्राथमिक चाचणी करून पुढील तपासणीसाठी पत्र द्यावे, (दोन) यू-डायसमध्ये विशेष गरजा असलेले मूल म्हणून नोंद करावी, (तीन) गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट मिळावी व त्याच्यासाठी शिकवण्याचा आराखडा तयार करावा, (चार) दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 नुसार वर्गात व परीक्षेत आवश्यक सोयी द्याव्यात. केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी."

दोन प्रती करा. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी ठेवा. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती हीच पोच. एक प्रत केंद्रप्रमुखांना आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, वाडीतलं कुणी ना कुणी त्यात असेलच. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यायला सांगा आणि इतिवृत्तात आला का ते बघा. तोंडी 'बघतो, करतो' झालं असेल तर त्याच संध्याकाळी वहीत तारीख टाकून लिहून ठेवा, कोण काय म्हणालं ते.

महिनाभर काहीच हाललं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 प्रमाणे लेखी तक्रारीचा निर्णय स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत द्यायचा असतो, तक्रारीत ते कलम लिहा. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोग मुंबईला आहे, आणि दिव्यांगत्वाच्या कारणाने भेदभाव झाला असेल तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. वकिलाची गरज पडली तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना, मुलांना आणि दिव्यांगांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न न बघता. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पुढे जात नाहीत. आवक क्रमांक पडलेला कागद टेबलावर असला की कुणालातरी उत्तर द्यावंच लागतं.

यजमान मुंबईत आहेत, त्याचा उपयोग करून घेता येईल. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आणि नायर रुग्णालयात अध्ययन अक्षमता तपासण्याचे विभाग आहेत. तिथे एका फेरीत काम होत नाही, चाचण्या वेगवेगळ्या दिवशी असतात, आणि तारखाही लांबच्या मिळतात. म्हणून यजमानांनी आत्ताच जाऊन नाव नोंदवावं आणि तारखा दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मागाव्यात. मुलाची शाळा बुडणार नाही आणि तुम्हालाही तिथे राहता येईल. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र राहत्या जिल्ह्यातून मिळतं, तसंच जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय प्राधिकाऱ्याकडेही त्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा पहिल्याच भेटीत विचारून घ्या, की कागद इथूनच मिळेल की अहवाल घेऊन रत्नागिरीला जावं लागेल. मात्र शाळेचं पत्र आधी लागेल. त्यामुळे वरचा अर्ज याच आठवड्यात द्या.